मंगल कार्यातील उडते कंदील : शोभा आणि धोका

विवाह, वाङ्‌निश्चय, वास्तुशांत, नववर्षाचे स्वागत अशा आनंदाच्या प्रसंगी दिव्यांची आरास करण्याची प्रथा आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे. देवघरातील समई, तुळशीपुढील पणती, मंदिरापुढील दीपमाळ आणि वरातीपुढील गॅसबत्ती ही या प्रथेचीच निरनिराळी रूपे होत. गेल्या काही वर्षांत मात्र या आराशीत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर, शेतघराच्या अंगणात किंवा समुद्रकिनाऱ्यावर वधूवर व पाहुणेमंडळी एकत्र जमतात, कागदाच्या मोठ्या पिशवीसारख्या दिसणाऱ्या कंदिलाखालील वात पेटवतात आणि तो अलगद आकाशात सोडून देतात. काळोखात तरंगत जाणाऱ्या दिव्यांचे ते दृश्य मनोहर असते यात शंका नाही. २०१० साली प्रदर्शित झालेल्या 'टँगल्ड' या चित्रपटातील अशाच दृश्याने या हौसेला जगभर आणखी चालना दिली.

हा उडता कंदील आणि आपला दिवाळीचा आकाशकंदील यांत नामसादृश्यामुळे गल्लत होण्याचा संभव असतो. आकाशकंदील उंच टांगलेला असला तरी तो घराशी बांधलेला असतो. त्याचा दिवा घरातील माणसाच्या हाताने लागतो व त्याच हाताने मालवला जातो. उडत्या कंदिलाचे तसे नाही. एकदा हातातून सुटला की तो कोठे जाईल, किती वेळ पेटता राहील आणि कोणाच्या दारात उतरेल, हे सोडणाऱ्यास ठाऊक नसते आणि त्यावर त्याचा कोणताही ताबा राहत नाही. या एका फरकातच या नव्या हौसेचा सारा धोका सामावलेला आहे.

कंदील का उडतो?

उडत्या कंदिलाची रचना अतिशय साधी असते. पातळ कागदाची, वरून बंद व खालून उघडी अशी पिशवी, तिच्या तोंडाशी बांबूच्या कामटीचे किंवा तारेचे कडे आणि त्या कड्याच्या मध्यभागी मेणात भिजवलेल्या कापडाची अथवा कागदाची जाड वात, एवढेच तिचे भाग. वात पेटली की पिशवीतील हवा तापते, प्रसरण पावते आणि बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलकी होते. १७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी ज्या तत्त्वावर आपला प्रचंड फुगा आकाशात चढवला, तेच हे तत्त्व होय.

तथापि कंदिलाला उचलणारी शक्ती फार मोठी नसते. सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ९० सेंटिमीटर उंचीच्या कंदिलात अडीचशे लिटर हवा मावते. आतील हवा १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि बाहेरचे तपमान १५ अंश असले, तर असा कंदील सुमारे ७० ग्रॅम वजन उचलू शकतो. बाहेरचे तपमान ३५ अंश असेल, तर तेवढ्याच तापलेल्या हवेने जेमतेम ५० ग्रॅम वजन उचलले जाते. कागद, कडे आणि वात यांचे वजन याच मर्यादेत बसवावयाचे असते. यास्तव थंडीच्या रात्री झपाट्याने वर जाणारा कंदील उन्हाळ्याच्या उष्ण रात्री मंद गतीने चढतो, झाडांच्या व छपरांच्या उंचीवर रेंगाळतो आणि वाऱ्याच्या एखाद्या झोतासरशी कलंडू शकतो. तो कलंडला की ज्योत कागदाला लागते आणि पेटलेला कंदील खाली येतो.

सर्व काही सुरळीत झाले, तर काही मिनिटांत वात जळून संपते, आतील हवा निवते आणि कंदील विझलेल्या स्थितीत जमिनीवर उतरतो. विक्रेते ग्राहकाला हेच चित्र रंगवून सांगतात. पण कागद न फाटणे, वारा शांत असणे आणि झाड, इमारत वा विजेच्या तारा आड न येणे, या सर्व गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या तरच हे घडते. शिवाय ताशी १२ किलोमीटर वेगाचा साधा वारा दहा मिनिटांत कंदिलाला दोन किलोमीटर दूर नेतो. म्हणजे तो जेथे उतरतो तेथे त्याची वाट पाहणारे, पाण्याची बादली घेऊन उभे असलेले कोणीही नसते.

परंपरा कोठली?

उडत्या कंदिलाची कल्पना मूळची चीनमधील आहे. तेथे त्यास 'खुंगमिंगचा दिवा' असे म्हणतात. तिसऱ्या शतकातील प्रसिद्ध मुत्सद्दी व सेनानी चूग लिआंग याचे खुंगमिंग हे दुसरे नाव. शत्रूच्या वेढ्यातून संदेश पाठविण्यासाठी त्याने असा दिवा वापरला, अशी आख्यायिका सांगितली जाते. तैवानमधील पिंगशी या डोंगराळ भागातही तशीच कथा आहे. दरोडेखोरांच्या भयाने डोंगरात लपलेल्या लोकांना गाव आता सुरक्षित असल्याचा इशारा कंदील सोडून दिला जात असे. चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला तेथे भरणारा कंदिलांचा उत्सव आज जगप्रसिद्ध झाला आहे.

उत्तर थायलंडमधील चिआंग माई परिसरात 'यी पेंग' नावाचा उत्सव होतो. 'दुसऱ्या महिन्याची पौर्णिमा' असा या नावाचा अर्थ. ही पौर्णिमा बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारासच येते. आपल्याकडे नदीचे घाट आणि दीपमाळा उजळतात त्याच दिवसांत तेथील आकाश कंदिलांनी भरून जाते. बांगलादेशातील चट्टग्राम भागातील बौद्ध बांधव आश्विनी पौर्णिमेला, भिक्षूंचा तीन महिन्यांचा वर्षावास संपतो त्या दिवशी, 'फानूस' सोडतात. भगवान बुद्धांच्या केशधातूला केलेले ते वंदन आहे, अशी त्यामागील श्रद्धा आहे. कोलकात्याच्या जुन्या वस्तीतही कालीपूजेच्या वेळी फानूस उडविण्याची हौस टिकून आहे.

या साऱ्या परंपरांत एक गोष्ट समान दिसते. कंदील सोडण्याचा दिवस ठरलेला असतो, जागा ठरलेली असते आणि सारे गाव त्या रात्री जागे असते. आश्विनी पौर्णिमेला पावसाळा नुकताच ओसरलेला असतो आणि शेतशिवार ओले असते. पिंगशीचे डोंगर तर पावसासाठीच प्रसिद्ध आहेत. लग्नसमारंभाच्या हौसेने या परंपरेतून कंदील तेवढा उचलला. तिच्याबरोबर चालत आलेले दिवसाचे, जागेचे आणि ऋतूचे बंधन मात्र मागेच राहिले.

परंपरेच्या देशांतही निर्बंध

जेथे ही परंपरा आहे तेथील शासनांनाही तिला आवर घालावा लागला आहे. चिआंग माई येथे यी पेंगच्या रात्री विमानांची उड्डाणे रद्द करावी लागतात किंवा त्यांच्या वेळा बदलाव्या लागतात. कंदील सोडण्यासाठी ठरावीक दिवस व वेळ आखून दिलेली असते. ब्राझीलचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. तेथे संत जॉनच्या सणाला, म्हणजे जून महिन्यात, कागदी अग्निफुगे सोडण्याची पोर्तुगीज वळणाची जुनी चाल होती. पण ब्राझीलच्या दक्षिण भागात जून हा कोरड्या हवेचा महिना. जंगलांना व वस्त्यांना त्यापासून वाटणारा धोका ध्यानी घेऊन १९९८ च्या पर्यावरणविषयक कायद्याने असे फुगे करणे, विकणे, वाहून नेणे आणि सोडणे हा गुन्हा ठरविला. त्यासाठी एक ते तीन वर्षे कैदेची अथवा दंडाची शिक्षा ठेवण्यात आली. गोव्यात याच संताचा सण सांजांव म्हणून २४ जूनला, भर पावसाळ्यात, विहिरींत व ओढ्यांत उड्या घेऊन साजरा होतो. सण एकच, पण लोकांनी आपापल्या ऋतूप्रमाणे त्याला वळण दिले. ऋतूचा विचार करून आनंद साजरा करणे हे रूढीला सोडून नाही, हेच यावरून दिसते.

दूर पडलेली ठिणगी

उडत्या कंदिलाने काय अनर्थ होऊ शकतो, याची तीन उदाहरणे येथे देणे उचित ठरेल. जर्मनीतील क्रेफेल्ड या शहरी २०२० सालाच्या पहिल्याच रात्री प्राणिसंग्रहालयातील वानरगृहाला आग लागली. ओरांगउटान, गोरिला यांसह तीसहून अधिक प्राणी त्यात मृत्युमुखी पडले. नववर्षाच्या आनंदात सोडलेले कंदील या आगीस कारणीभूत ठरले. विशेष म्हणजे त्या राज्यात अशा कंदिलांवर २००९ पासूनच बंदी होती. ज्यांनी ते सोडले त्यांच्या मनात प्राण्यांना इजा करण्याचा विचारही नव्हता. दुसऱ्या दिवशी घटनेची वार्ता कळताच ते स्वतःहून पोलिसांकडे गेले.

इंग्लंडमधील स्मेदिक येथे ३० जून २०१३ च्या रात्री प्लास्टिकच्या पुनर्वापराच्या एका कारखान्यात कंदील येऊन पडला. तो पडतानाचे दृश्य तेथील कॅमेऱ्यात टिपले गेले. सुमारे एक लाख टन माल पेटला आणि दोनशेहून अधिक अग्निशामक जवानांना आगीशी झुंजावे लागले. तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. ढाका येथील मेट्रो रेल्वेचे उद्‌घाटन २८ डिसेंबर २०२२ रोजी झाले. त्यानंतर चारच दिवसांनी, १ जानेवारी २०२३ च्या सकाळी, तिची वाहतूक काही काळ थांबवावी लागली. आदल्या रात्री सोडलेले फानूस विजेच्या तारांवर येऊन अडकले होते.

तिन्ही ठिकाणी कंदील सोडणाऱ्यांचा आनंद निर्विघ्न पार पडला. त्याची किंमत मोजली ती दुसऱ्यांनीच.

लग्नसराई आणि वणव्याचा काळ

महाराष्ट्राच्या दृष्टीने विचार करता हा प्रश्न अधिकच गंभीर ठरतो. आपल्याकडील लग्नसराई तुळशीच्या विवाहानंतर सुरू होते आणि माघ, फाल्गुन, वैशाख या महिन्यांत तिला भर येतो. नेमक्या याच काळात पानगळीची जंगले निष्पर्ण होतात, माळरानावरील गवत वाळून कोळ होते आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वनविभाग वणव्यांच्या बंदोबस्तात गुंतलेला असतो. सह्याद्रीच्या उतारांवर आणि विदर्भातील सागवनांत वाळलेल्या पाचोळ्याचे थर साचलेले असतात. कोकणात आंब्याच्या व काजूच्या बागांत वाळलेले गवत उभे असते. या बागांना लागलेल्या वणव्याने दहा-पंधरा वर्षे जोपासलेली झाडे एका दुपारी होरपळून जातात, हा अनुभव तेथील बागायतदारांना नवा नाही.

खेड्यापाड्यांत याच दिवसांत रब्बीची पिके निघून खळ्यावर आलेली असतात. घराशेजारी कडब्याच्या गंजी रचलेल्या असतात. पावसाळ्यापर्यंत जनावरांना पुरवावयाचा सारा चारा त्या गंजीत असतो. तोडणीनंतर उसाचे पाचट शेतात पसरलेले असते. कुडाच्या भिंतींची व गवती छपरांची घरे, ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या आणि किनाऱ्यावरील नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या खोपटी यांना एक ठिणगी पुरेशी होते. आजकाल मंगल कार्यालये व विवाहाची लॉन्स शहरांच्या वेशीवर, म्हणजे शेते आणि टेकड्या यांच्या अगदी लगत उभी राहिलेली आहेत. दोन किलोमीटर वाहत जाणारा कंदील तेथून कोठे उतरेल, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

शहरांतील धोका निराळा, पण तितकाच खरा आहे. उंच इमारतींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, प्लास्टिकची छते, लाकडाच्या वखारी, पेट्रोलपंप आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या झोपड्या यांवरून हे कंदील तरंगत जातात. विमानतळाच्या आसपास त्यांचा वैमानिकांना अडथळा होतो. समुद्रकिनाऱ्यावरून सोडलेला तांबूस दिवा दूरवरून संकटात सापडलेल्या नौकेच्या इशाऱ्यासारखा भासतो. इंग्लंडच्या किनारारक्षक दलाला अशा कंदिलांमुळे निष्कारण शोधमोहिमा काढाव्या लागल्या आहेत.

विझलेला कंदीलही निरुपद्रवी नाही

कंदील विझून खाली आला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नव्हे. त्याचे तारेचे कडे शेतात किंवा कुरणात पडते. गाय, म्हैस ही जनावरे चारा नीट न चावता गिळतात आणि मागाहून रवंथ करतात. त्यामुळे चाऱ्यातील तार त्यांच्या ध्यानात येत नाही. कडबा कुट्टीच्या यंत्रातून तार गेली तर तिचे अणकुचीदार तुकडे होतात. हे तुकडे जनावराच्या पोटाच्या दुसऱ्या, जाळीदार कप्प्यात अडकून बसतात. हा कप्पा हृदयाच्या अगदी निकट असल्याने तार आतील पडदा भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. जनावर चारा सोडते, दूध आटते, गळ्याखाली सूज येते आणि पुष्कळदा उपचार होण्यापूर्वीच ते दगावते. कोणाच्या तरी विवाहात सोडलेल्या कंदिलामुळे कोठल्या तरी शेतकऱ्याची दुभती म्हैस गेली, तर त्या दोन घटनांचा संबंध त्या शेतकऱ्याच्याही कधी लक्षात येणार नाही.

तारेऐवजी बांबूची कामटी आणि 'अग्निरोधक' कागद वापरलेले कंदील सुरक्षित असल्याचे सांगितले जाते. बांबूने जनावरांना होणारा अपाय कमी होतो हे खरे. प्रक्रिया केलेला कागद सहजी पेट घेत नाही, हेही खरे. परंतु कंदिलाखालील वात ही पेटतीच असावी लागते. त्याशिवाय तो उडणारच नाही. वाळलेल्या गवतावर ती पेटती वात पडली, तर कागद अग्निरोधक असल्याचा काहीच उपयोग होत नाही. दोरीला बांधून कंदील सोडणे हाही खात्रीचा उपाय नव्हे. ज्योतीजवळची दोरी जळून तुटू शकते.

कायद्याची तरतूद

मुंबई पोलिसांनी दिवाळीच्या सुमारास उडत्या कंदिलांची विक्री, साठा आणि वापर यांस मनाई करणारे आदेश वेळोवेळी काढलेले आहेत. पूर्वी असे मनाई आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ अन्वये निघत. १ जुलै २०२४ पासून त्यांचा आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ हा आहे. हे आदेश ठरावीक मुदतीपुरते असतात. यास्तव समारंभाच्या वेळी आपल्या क्षेत्रात कोणता आदेश लागू आहे, याची चौकशी यजमानांनी जवळच्या पोलीस ठाण्यात करणे आवश्यक आहे.

मनाई आदेश नसला म्हणजे जबाबदारी उरत नाही, असा मात्र समज करून घेऊ नये. अग्नी हाताळताना निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जीवितास धोका उत्पन्न करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ अन्वये गुन्हा आहे आणि त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्याचप्रमाणे राखीव वनास आग लावणे किंवा त्यास धोका पोहोचेल अशा रीतीने नियमबाह्य विस्तव पेटता ठेवणे, हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ अन्वये अपराध आहे.

नागरिकांनी काय करावे?

उडता कंदील आपल्या परिसरात पेटत्या स्थितीत उतरला, तर पाणी, माती किंवा हिरव्या फांद्यांचे झोडपे यांच्या साह्याने ठिणगी तत्काळ विझवावी. आग पसरू लागल्यास अग्निशामक दलाच्या १०१ किंवा आपत्कालीन मदतीच्या ११२ या क्रमांकावर आणि वनक्षेत्रातील वणव्याबाबत वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कंदील विजेच्या तारांवर अडकला असल्यास तो काठीने काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. वीज कार्यालयास त्याची सूचना द्यावी. शेतात सापडलेले कडे चाऱ्यात जाणार नाही अशा बेताने उचलून टाकावे.

यजमानांनी मंगल कार्यालयाशी बोलणी करतानाच उडते कंदील नकोत असे स्पष्ट सांगितल्यास अर्धे काम होईल. कार्यालयांच्या चालकांनीही आपल्या नियमावलीत ही अट घालणे इष्ट ठरेल. दिव्यांच्या शोभेला पर्यायांची वाण नाही. उंच बांबूंवर विजेच्या दिव्याचे आकाशकंदील ओळीने चढवता येतात. अंगणात लाकडी किंवा मातीची दीपमाळ उभारून प्रत्येक पाहुण्याने तिच्यावर एकेक पणती ठेवावी, अशी योजना करता येते. मोठ्या घंगाळात पाणी व फुले घालून त्यात तरंगते दिवे सोडले, तर वधूवरांच्या भोवती प्रकाशाचे तळेच उभे राहते. या सर्व प्रकारांत आप्तेष्टांच्या शुभेच्छा दिव्याच्या रूपाने व्यक्त होतात आणि समारंभ संपल्यावर शेवटचा दिवा मालवला की नाही, हे घरचेच माणूस पाहू शकते.

मराठी घरांत दिवा 'विझला' असे म्हणत नाहीत, तो 'मालवला' किंवा 'शांत केला' असे म्हणतात. दिवा लावणाऱ्यानेच त्याची अखेरपर्यंत निगा राखावी, ही जाण या शब्दांमागे आहे. जो दिवा मालवता येत नाही तो मंगल कार्यात लावू नये, एवढा साधा नेम प्रत्येक कुटुंबाने पाळला, तर वधूवरांना लाभणारे आशीर्वाद शेजारच्या शिवारातील गंजीला, गोठ्याला आणि रानालाही सुखाचे ठरतील.